‘ग्रीफ’ या इंग्रजी शब्दाचा अर्थविस्तार आणि मराठी पर्यायांची मर्यादा : एक चिकित्सक अभ्यास

सारांश :

इंग्रजीतील ‘ग्रीफ’ या शब्दासाठी मराठीत सर्रास ‘दुःख’ हा प्रतिशब्द वापरला जातो. हा पर्याय चुकीचा नसला तरी तो अपुरा आहे. ‘ग्रीफ’ या शब्दाची व्युत्पत्ती, शेक्सपिअरच्या नाटकांतील त्याचा वापर, विसाव्या शतकात मानसशास्त्राने त्याला दिलेला अर्थ आणि या प्रत्येक टप्प्यावर मराठीत उपलब्ध असणारे शब्द यांचा तौलनिक विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शब्दाची निवड हा केवळ शैलीचा प्रश्न नाही. शोक करणाऱ्या माणसाकडे आपण कसे पाहतो हे त्या निवडीतून ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ग्रीफ, शोक, दुःख, दुखवटा, गाऱ्हाणे, भाषांतर, करुण रस.

प्रस्तावना :

पदवीच्या वर्गात भाषांतराचा तास घेताना एक अनुभव वारंवार येतो. ‘ग्रीफ’, ‘सॉरो’, ‘मोर्निंग’ आणि ‘मेलंकली’ हे चार शब्द फळ्यावर लिहून त्यांचे मराठी प्रतिशब्द विचारले, तर बहुतेक वह्यांत चारही शब्दांपुढे ‘दुःख’ असेच लिहिलेले आढळते. विद्यार्थ्यांना त्याचा दोष देता येत नाही. त्यांच्या हातातील लहान शब्दकोशांत तसेच दिलेले असते. तथापि, याच विद्यार्थ्यांच्या घरी मृत्यू झाला असता ते ‘दुःख’, ‘शोक’, ‘दुखवटा’ आणि ‘सुतक’ या शब्दांत कधीही गल्लत करीत नाहीत. ‘त्यांच्याकडे दुखवटा आहे’ आणि ‘त्यांना दुःख आहे’ ही दोन वाक्ये एकच नव्हेत, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. म्हणजेच भेद करण्याची क्षमता त्यांच्या भाषेत आहे. भाषांतर करताना मात्र ती वापरली जात नाही. असे का होते आणि त्यामुळे काय हरवते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. व्युत्पत्ती : ओझे आणि आग

‘ग्रीफ’ हा शब्द फ्रेंचमधून साधारणतः तेराव्या शतकात इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘ग्राविस’ हे लॅटिन विशेषण आहे. त्याचा अर्थ जड, वजनदार. त्यावरूनच भार घालणे, त्रास देणे या अर्थाचे क्रियापद तयार झाले. ‘ग्रॅव्हिटी’ हा शब्दही याच घराण्यातील होय. मराठी वाचकाला विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे लॅटिन ‘ग्राविस’ आणि संस्कृत ‘गुरु’ हे शब्द एकाच मूळ धातूपासून आले आहेत. ‘ग्रॅव्हिटी’साठी आपण ‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्द घडवला, तेव्हा नकळत एका दूरच्या नातलगालाच घरात घेतले. मात्र थडगे या अर्थाचा इंग्रजी ‘ग्रेव्ह’ या कुळातला नाही. तो खणणे या अर्थाच्या जर्मानिक धातूपासून आलेला आहे. उच्चारसाम्यावरून ‘ग्रीफ’ आणि थडगे यांचे नाते जोडण्याचा मोह टाळला पाहिजे.

‘सॉरो’ हा शब्द मात्र अस्सल जर्मानिक होय. जर्मन भाषेतील त्याच्या भावंडाचा, ‘झोर्ग’ या शब्दाचा, आजचा अर्थ काळजी, चिंता असा आहे. ‘सॉरो’ आणि ‘सॉरी’ हे शब्द एकाच मुळाचे असावेत असे सर्वांना वाटते, पण तसे नाही. ‘सॉरी’ हा वेदना, व्रण या अर्थाच्या जुन्या शब्दापासून आलेला आहे. पुढे उच्चार जवळ आल्यामुळे दोन्ही शब्दांचे अर्थही जवळ आले. आपल्याकडे ‘सॉरी’ हा शब्द केवळ क्षमायाचनेसाठी रूढ झाला. म्हणून इंग्रजी कादंबरीत एखाद्याचा पिता वारल्यावर भेटावयास आलेला मनुष्य ‘आय अ‍ॅम सॉरी’ म्हणतो, तेव्हा ‘याने काय अपराध केला?’ असा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यास पडतो. तो प्रश्न हास्यास्पद नाही. वेदनेचा जुना अर्थ आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही, हे तो दाखवून देतो.

आता ‘शोक’ हा शब्द पाहू. तो ‘शुच्’ या धातूपासून आला आहे. तळपणे, जळणे, आणि त्यावरून मनात जळणे, असे त्याचे अर्थ आहेत. ‘शोकाग्नी’ हा सामासिक शब्द त्यामुळेच स्वाभाविक वाटतो. याच धातूपासून ‘शुचि’, त्यावरून ‘शौच’ आणि पुढे ‘अशौच’ म्हणजे सुतक हा शब्द सिद्ध होतो. मनातील आग आणि घरावर आलेली विटाळाची मर्यादा हे दोन्ही एकाच धातूच्या पोटातून निघावेत, ही बाब विचार करण्यासारखी आहे. इंग्रज माणसावर ग्रीफचे ओझे पडते, तर संस्कृत परंपरेतील माणूस शोकाने जळतो, असे ढोबळ मानाने म्हणता येईल.

हा विरोध फार ताणणे मात्र योग्य होणार नाही. मराठीतही ‘दुःखाचा डोंगर कोसळतो’, ‘छातीवर दगड ठेवावा’ लागतो आणि ‘जड अंतःकरणाने’ निरोप द्यावा लागतो. परंतु मराठीत ओझ्याची प्रतिमा बहुधा ‘दुःख’ या शब्दाभोवती येते आणि ‘शोक’ या शब्दाभोवती आग किंवा पाणी येते. माणूस शोकाने होरपळतो, नाहीतर शोकसागरात बुडतो. ‘शोकाचा डोंगर कोसळला’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे ‘ग्रीफ’मधील वजन हवे असेल तर ‘दुःख’ जवळचे आणि मृत्यूशी असलेला संबंध हवा असेल तर ‘शोक’ जवळचा, अशी भाषांतरकाराची कोंडी सुरुवातीसच होते.

२. ‘दुःख’ या शब्दाची व्याप्ती

‘दुःख’ हा मराठीतील अतिशय व्यापक शब्द आहे. त्याचे क्रियापद ‘दुखणे’ शरीराला लागू होते. डोके दुखते, गुडघा दुखतो. ‘दुखणे’ हेच नाम म्हणून वापरले असता त्याचा अर्थ आजार असा होतो. ‘तो दुखण्यातून उठला’ या वाक्यात शोकाचा लवलेशही नाही. बौद्ध विचारात तर ‘दुःख’ हे पहिले आर्यसत्य आहे. तेथे जन्म, जरा, व्याधी, मरण, प्रियवियोग असे सारेच त्यात समाविष्ट होते. एवढा मोठा शब्द ‘ग्रीफ’पुढे ठेवला की ‘ग्रीफ’ त्यात विरघळून जातो.

याच्याशी समांतर असा प्रकार इंग्रजीतही घडलेला आहे. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलात यशया या ग्रंथाच्या ५३व्या अध्यायात दुःख सोसणाऱ्या सेवकाचे प्रसिद्ध वर्णन आहे. त्यातील ज्या मूळ हिब्रू शब्दासाठी तेथे ‘ग्रीफ’ योजला आहे, त्याचा साधा अर्थ आजार असा आहे. प्रचलित मराठी बायबलात त्या ठिकाणी ‘व्याधी’ हा शब्द आहे, म्हणजे मराठी भाषांतर येथे मुळाच्या अधिक जवळ आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी ‘ग्रीफ’ या शब्दात शारीरिक पीडेचा अर्थ अद्याप शिल्लक होता, म्हणूनच ही निवड शक्य झाली. आजचा इंग्रजी वाचक मात्र ते वर्णन मानसिक शोकाचे म्हणून वाचतो. शब्द तोच राहिला, पण त्यातील शरीर निघून गेले. मराठीतील ‘दुःख’ या शब्दाचे शरीर मात्र अजून शाबूत आहे.

३. शेक्सपिअर : तक्रार, मौन आणि रिकामी खोली

शेक्सपिअरच्या काळात ‘ग्रीफ’ या शब्दाला अन्याय, गाऱ्हाणे असाही अर्थ होता. ‘चौथा हेन्री’ या नाटकाच्या पहिल्या भागात राजाचा दूत बंडखोरांकडे येऊन त्यांचे ‘ग्रीफ्स’ कोणते अशी पृच्छा करतो. तो त्यांचे सांत्वन करण्यास आलेला नाही, त्यांच्या तक्रारी विचारण्यास आला आहे. ‘ज्युलिअस सीझर’मध्ये अँटनी मारेकऱ्यांच्या खाजगी ‘ग्रीफ्स’चा उल्लेख करतो, तेव्हाही अर्थ हाच असतो. पुढे हा अर्थ ‘ग्रीव्हन्स’ या शब्दाकडे गेला. आज प्रत्येक महाविद्यालयात ‘विद्यार्थी तक्रार निवारण समिती’ असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली त्यासंबंधी नवे विनियम केले. त्या समितीच्या इंग्रजी नावातला ‘ग्रीव्हन्स’ आणि शोकवाचक ‘ग्रीफ’ ही सख्खी भावंडे आहेत, हे फलक वाचणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

येथे मराठीत एक समर्थ शब्द उपलब्ध आहे, तो म्हणजे ‘गाऱ्हाणे’. कोकणात व गोव्यात देवापुढे गाऱ्हाणे घातले जाते. त्यात संकटाचे निवेदन असते, मागणे असते आणि क्वचित देवाशी भांडणही असते. व्यथा आणि तक्रार ही एकाच श्वासात मांडण्याची सोय या शब्दात आहे. शेक्सपिअरकालीन ‘ग्रीफ’ या शब्दाच्या या अंगासाठी ‘दुःख’ किंवा ‘तक्रार’ यांपेक्षा ‘गाऱ्हाणे’ अधिक अन्वर्थक ठरेल.

‘मॅकबेथ’च्या चौथ्या अंकातील तिसऱ्या प्रवेशात आपली पत्नी व मुले मारली गेल्याची वार्ता मॅकडफला कळते. तो स्तब्ध होतो. तेव्हा माल्कम त्याला मनातले बोलून टाकण्याचा सल्ला देतो. या ठिकाणी ‘सॉरो’ आणि ‘ग्रीफ’ हे दोन्ही शब्द लागोपाठ येतात. ज्याला वाचा द्यावयाची ते ‘सॉरो’, आणि जे मुके राहून हृदय फोडते ते ‘ग्रीफ’. हृदयासाठी तेथे योजलेले विशेषण माल लादलेल्या गलबताचे आहे, प्रमाणाबाहेर भरलेले. शब्दाच्या व्युत्पत्तीतील ओझे अशा रीतीने प्रतिमेत परत येते. पुढे लगेच माल्कम या ग्रीफचे रूपांतर क्रोधात कर असे सांगतो. म्हणजे शोकाकडून गाऱ्हाण्याकडे आणि तेथून सूडाकडे जाणारी वाट या एकाच शब्दातून निघते. दोन्ही ठिकाणी ‘दुःख’ लिहिणारा भाषांतरकार ही वाट बुजवून टाकतो.

भाषांतराच्या दृष्टीने सर्वांत अवघड स्थळ ‘किंग जॉन’च्या तिसऱ्या अंकात आहे. कॉन्स्टन्सचा लहान मुलगा आर्थर शत्रूच्या हाती सापडला आहे. फ्रान्सचा राजा फिलिप तिला म्हणतो की, तुला मुलाइतकाच ग्रीफ प्रिय झाला आहे. त्यावर ती जे उत्तर देते त्यात ग्रीफ हाच तिच्या मुलाची जागा घेतो. तो त्याच्या बिछान्यावर निजतो, तिच्यासोबत हिंडतो, त्याचे रिकामे कपडे अंगावर चढवतो.

मराठीत हे स्थळ उतरवताना व्याकरण आडवे येते. ‘दुःख’ हे नपुंसकलिंगी आणि ‘शोक’ पुल्लिंगी. दुःख निजते, शोक निजतो. आर्थरच्या अंगरख्यात शिरावयाचे तर ‘शोक’ हाच शब्द योग्य वाटतो, कारण क्रियापदाच्या प्रत्ययापुरता का होईना, तो मुलगा होऊ शकतो. यावर कोणी म्हणेल की मराठीत ‘मूल’ नपुंसकलिंगीच आहे, तेव्हा दुःखही मुलासारखे निजू शकेल. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु कॉन्स्टन्सच्या मनात कोणतेही एक मूल नसून तिचा आर्थर आहे. त्याला ‘ते’ म्हणताच तो दुरावतो.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. आर्थर या क्षणी जिवंत आहे. मराठीत जिवंत माणसासाठी ‘शोक’ करणे अभद्र समजले जाते. कोणतीही मराठी आई परगावी अडकलेल्या मुलासाठी ‘शोक’ हा शब्द तोंडातून काढणार नाही. ती ‘काळजी’ म्हणेल, ‘जीव तुटतो’ म्हणेल. मग येथे ‘शोक’ घालणे चूक ठरेल काय? प्रस्तुत लेखकाच्या मते ठरणार नाही. उलट त्या शब्दातील अभद्रताच येथे उपयोगी पडते. मुलगा पुन्हा दिसणार नाही हे कॉन्स्टन्सने मनोमन गृहीत धरले आहे आणि भोवतालच्या राजपुरुषांना तेच असह्य होत आहे. जिवंत मुलासाठी तिच्या तोंडी ‘शोक’ हा शब्द येणे मराठी प्रेक्षकाला खटकेल आणि ते खटकणे हाच त्या प्रवेशाचा आशय आहे. शेक्सपिअरचा स्वतःचा मुलगा हॅम्नेट १५९६ च्या ऑगस्टमध्ये वारला. हे नाटकही साधारण त्याच सुमाराचे मानले जाते. मात्र दोहोंतील कार्यकारण संबंध सिद्ध झालेला नाही, म्हणून त्यावर अर्थनिर्णयाचा डोलारा उभारणे उचित नव्हे.

४. शोक कोणाचा? भारतीय साहित्यशास्त्राची साक्ष

भरताच्या नाट्यशास्त्रात ‘शोक’ हा करुण रसाचा स्थायी भाव मानला आहे. क्रौंचवधाच्या प्रसंगी वाल्मीकीच्या शोकाचा श्लोक झाला, ही कथा रामायणाच्या बालकांडात येते. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त तिचा आधार घेतला आणि अभिनवगुप्ताने त्यावर भाष्य करताना एक मार्मिक भूमिका मांडली. हा शोक मुनीचा वैयक्तिक शोक समजू नये, असे त्याचे म्हणणे आहे. स्वतःच्याच शोकात बुडालेला मनुष्य काव्य करीत नाही. शोक व्यक्तीपासून सुटून आस्वाद्य झाला म्हणजेच करुण रस निष्पन्न होतो.

याच्या नेमका उलट टोकाला सी. एस. लुईस यांचा ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्हड’ हा ग्रंथ उभा आहे. पत्नी जॉय डेव्हिडमन १९६० साली वारल्यावर लुईस यांनी लिहिलेल्या टिपणांचे हे पुस्तक १९६१ साली टोपणनावाने प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकातील ‘अ’ हे अनिश्चित उपपद महत्त्वाचे आहे. ‘ग्रीफ’ हे आजच्या इंग्रजीत बहुधा अगणनीय नाम आहे. त्यामागे उपपद लावून लुईस सांगतात की हा मानवजातीचा शोक नव्हे, हा एक विशिष्ट, एकाच माणसाचा शोक आहे. मराठीत ‘दुःखे’ असे अनेकवचन सहज होते, परंतु ‘शोक’ या शब्दाचे एकवचन-अनेकवचन व्यवहारात जाणवतच नाही. ‘एक शोक’ असे म्हणताच वाक्य परके वाटू लागते. अभिनवगुप्ताचा शोक कोणा एकाचा नाही आणि लुईस यांचा ग्रीफ दुसऱ्या कोणाचाही नाही. दोन्ही शब्द आपापल्या परंपरेशी किती प्रामाणिक आहेत हे येथे दिसून येते.

५. क्रियापदांचे साक्ष्य आणि मानसशास्त्रातील परिवर्तन

जुन्या इंग्रजी गद्यात ‘इट ग्रीव्ह्ज मी’ ही रचना आढळते. शोक बाहेरून येतो आणि मला पीडा देतो, असा तिचा भाव. मराठीतील ‘मला दुःख होते’ ही चतुर्थीची रचना याच घडणीची आहे. आजच्या इंग्रजीत मात्र ‘शी इज ग्रीव्हिंग’ असे चालू काळातील क्रियापद अधिक ऐकू येते. येथे व्यक्ती कर्ता आहे आणि शोक ही तिची चालू असलेली क्रिया आहे.

या बदलामागे मानसशास्त्राचा मोठा वाटा आहे. सिग्मंड फ्रॉईड यांचा शोक आणि विषाद यांची तुलना करणारा निबंध १९१७ साली प्रसिद्ध झाला. शोक हे मनाला करावे लागणारे एक काम आहे, ही कल्पना त्यात मांडली गेली. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बोस्टन येथील कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला लागलेल्या आगीत ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी शोकग्रस्तांचा अभ्यास करून १९४४ साली ‘तीव्र ग्रीफ’ची लक्षणे मांडली. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ मधील पुस्तकातील नकार, क्रोध, सौदा, नैराश्य व स्वीकार या पाच अवस्था आता सर्वतोमुखी झाल्या आहेत. परंतु त्या मुळात मरणोन्मुख रुग्णांच्या होत्या, मागे राहिलेल्यांच्या नव्हत्या, हे विसरले जाते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०२२ मधील सुधारित आवृत्तीत लांबलेल्या ग्रीफला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले आणि प्रौढांसाठी किमान बारा महिन्यांची अट घालण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही मुदत किमान सहा महिन्यांची आहे.

येथे मराठी समाजव्यवहाराचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ‘शोकाचे काम’ ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्याकडे ‘दिवसकार्य’ हा शब्दच आहे. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध अशा पायऱ्या आहेत. अनेक घरांत वर्षभर सण केला जात नाही आणि आप्त येऊन दुखवटा काढतात. मात्र हे काम एकट्या मनाचे नसून घराचे, भावकीचे असते. शिवाय दुखवटा ‘काढला’ जातो, म्हणजे त्याचा शेवट कोणीतरी बाहेरून येऊन करतो. शोक मात्र असा काढता येत नाही. दुखवटा संपला तरी शोक उरू शकतो, हा भेद भाषेने जपून ठेवलेला आहे. तथापि, या व्यवस्थेचे गौरवीकरण करणेही योग्य नाही. याच चालीरीतींनी विधवेवर दुखवटा जन्मभरासाठी लादला आणि तिच्या खऱ्या शोकाची विचारपूस क्वचितच केली.

२०२० व २०२१ या साथीच्या वर्षांत अनेक कुटुंबांना अंत्यदर्शन मिळाले नाही. दिवसकार्य झाले नाही, कोणी भेटावयास आले नाही. महाविद्यालये पुन्हा सुरू झाली तेव्हा पालक गमावलेले विद्यार्थी वर्गात येऊन बसले. त्यांच्यापैकी एकाने रजेच्या अर्जात कारण म्हणून ‘घरगुती दुःख’ असे लिहिले होते. त्या दोन शब्दांत त्याच्या वडिलांचा मृत्यू होता, हे प्रस्तुत लेखकास बऱ्याच उशिरा कळले. अर्जावर सही करताना ते घरातील आजारपण असावे असेच वाटले होते. ‘दुःख’ हा शब्द इतका रुंद आहे की त्यात एवढी मोठी गोष्ट दिसेनाशी होऊ शकते. या लेखाचे मूळ त्या अर्जात आहे.

निष्कर्ष :

१. ‘ग्रीफ’ या शब्दात ओझे, इजा, गाऱ्हाणे, मृत्युशोक आणि मानसिक प्रक्रिया असे अर्थाचे थर कालक्रमाने साचलेले आहेत. एकच मराठी प्रतिशब्द या सर्वांना पुरणार नाही.

२. संदर्भानुसार मृत्युशोकासाठी ‘शोक’, जुन्या नाटकांतील अन्यायवाचक अर्थासाठी ‘गाऱ्हाणे’, शारीरिक छटेसाठी ‘क्लेश’ किंवा ‘व्याधी’, ‘सॉरो’साठी ‘दुःख’, ‘मोर्निंग’साठी ‘दुखवटा’ आणि ‘मेलंकली’साठी ‘विषाद’ अशी योजना करता येईल. मात्र हा तक्ता यांत्रिकपणे वापरू नये. कॉन्स्टन्सच्या उदाहरणावरून दिसते की लिंग, शुभाशुभाचा संकेत आणि प्रसंग यांचा मेळ घालूनच निर्णय करावा लागतो.

३. समुपदेशनाच्या क्षेत्रात ‘ग्रीफ’साठी ‘दुःख’ हा शब्द टाळणे इष्ट होय. ‘तुम्हाला दुःख आहे का?’ या प्रश्नाला मराठी माणूस गुडघ्यापासून कर्जापर्यंत काहीही उत्तर देऊ शकतो. ‘तुमचे कोणी गेले आहे का?’ हा साधा प्रश्न अधिक नेमका आहे.

४. भाषांतराच्या अध्यापनात विद्यार्थ्यांच्या घरातील शब्दसंपत्तीला प्रथम स्थान द्यावे. शब्दकोशाने एकत्र केलेले शब्द त्यांच्या बोलीने केव्हाच वेगवेगळे ठेवलेले असतात.

शेवटी, शोक करणाऱ्या माणसाला योग्य शब्द मिळाल्याने त्याचा शोक हलका होतो असा दावा करता येणार नाही. परंतु समोरच्याला तो दिसू लागतो, एवढे निश्चित म्हणता येईल.